गाडी काय म्हणती

वडवणीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी इतिहास शिकवते आणि राहते बीडला. जाणं-येणं रोजचं. आधी एसटीनं जायचे. तेव्हा रस्ता इतका खराब होता की वेगाची पाटी लावायची कुणाला गरजच वाटली नसावी. जे सांगायचं ते खड्डे सांगत. मग रस्ता नवा झाला. रुंद, सपाट, मधे पांढरे पट्टे, गावांच्या तोंडाशी गोल पाट्या. आणि आम्ही तिघींनी मिळून एक गाडी ठरवली.

तिघी म्हणजे मोठ्या बाई, गणिताच्या बाई आणि मी. मोठ्या बाई मराठी शिकवत. निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. गणिताच्या बाई आमच्यात सगळ्यांत लहान. त्यांचं बाळ तेव्हा नुकतं बसायला लागलं होतं. सकाळी बाळाला सासूच्या हातात देऊन त्या पळत गाडीपर्यंत यायच्या आणि संध्याकाळी एक डोळा घड्याळावर ठेवून निघायच्या. मी दोघींच्या मधली, वयानंही आणि मागच्या सीटवरही.

गाडी चालवणारा मुलगा तिशीच्या आसपासचा. गाडी त्याची स्वतःची. त्याचं गाव याच रस्त्यावर, बीड आणि वडवणीच्या साधारण मधे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं; वडील अजून कळप घेऊन फिरत. हा एकटाच चाकांकडं वळलेला. तो रोज सकाळी गावाहून बीडला यायचा, आम्हाला घ्यायचा आणि आपल्या गावावरून पुढं वडवणीला सोडायचा. स्वभावानं फार चांगला. कुणाला सर्दी असली तर न सांगता एसी बंद करायचा. आमची मीटिंग लांबली तर कुरकुर न करता थांबायचा. एकदा माझी पर्स गाडीत राहिली, तर रात्री उलटा बीडला येऊन देऊन गेला.

म्हणूनच बोलणं अवघड होतं. वाईट माणसाला 'हळू चालव' म्हणता येतं. चांगल्या माणसाला म्हणताना आपणच त्याच्यावर काहीतरी आळ घेतोय असं वाटतं.

कारण तो फार जोरात चालवायचा. गाडीत एक घंटी होती. ऐंशीच्या पुढं गेलं की ती थोड्या थोड्या वेळानं वाजायची, आणि एकशेवीस ओलांडलं की थांबायचंच नाव घ्यायची नाही. बीडची शेवटची घरं मागं पडली की घंटी सुरू व्हायची. मग तो गाण्याचा आवाज वाढवायचा. गाण्यात आमचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्हीही आवाज वाढवायचो. अशी ती गाडी घंटी, गाणी आणि तीन बायकांचं बोलणं घेऊन पळत असायची. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत येतोय, आणि हा पुढच्या टेम्पोला मागं टाकायला बाजूला निघालाय, असं झालं की मी डावीकडच्या कपाशीकडं बघायचे. समोर बघायची सवयच मी सोडून दिली होती. गणिताच्या बाई मोबाइलवर बाळाचे व्हिडिओ बघत. मोठ्या बाई डोळे मिटत. त्या झोपत नसत. त्यांची बोटं पदराच्या टोकाला धरून असत.

आणि वडवणीत उतरलो की आमच्यापैकी कुणीतरी म्हणायचंच, "बरं झालं, वेळेत पोचलो."

ती सकाळ दिवाळीनंतरची. थंडी पडायला लागली होती, कपाशीत वेचणीच्या बायका डोक्याला फडकी बांधून उतरलेल्या. त्या दिवशी गणिताच्या बाईंना यायला उशीर झाला होता आणि तो वेळ भरून काढायचं त्यानं न सांगता मनावर घेतलं होतं. त्याच्या गावाच्या थोडं पुढं रस्ता डावीकडं वळतो. वळणावर पन्नासची पाटी आहे, पण कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स तिच्याच खांबाला बांधलेला, त्यामुळं आकडा अर्धा झाकला होता. झाकलेला नसता तरी त्यानं काही फरक पडला असता असं नाही.

वळण घेतलं आणि समोर रस्ता राहिलाच नव्हता. नुसती मेंढरं. या कडेपासून त्या कडेपर्यंत काळी-पांढरी पाठ हलत होती.

त्यानं ब्रेक दाबला. गाडीच्या पोटातून घरघर आवाज आला, सगळी गाडी थरथरली, माझा डबा पायाशी आपटून उघडला. गणिताच्या बाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. मी त्या दिवशी समोर बघितलं. एक म्हातारा माणूस गाडी आणि कळपाच्या मधे येऊन उभा राहिला होता, दोन्ही हात आडवे पसरून. तो बाजूला पळू शकला असता, कड तिथून दोन पावलांवर होती. पण तो पळाला नाही. गाडी थांबली तेव्हा तो इतका जवळ होता की त्यानं तळहात बॉनेटवर ठेवला. तापलेल्या गुराच्या पाठीवर ठेवावा तसा.

आमचा मुलगा स्टिअरिंग धरून तसाच बसला होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "दादा."

म्हातारा त्याचा बाप होता.

त्यानं आमच्याकडं लगेच बघितलं नाही. आधी कळप पलीकडं घातला. एक कोकरू भांबावून गाडीच्या चाकाशी आलं होतं, ते काखेत घेतलं. सगळी मेंढरं पलीकडच्या रानात उतरेपर्यंत तो रस्त्यातच उभा राहिला. मागं दोन गाड्या येऊन हॉर्न वाजवायला लागल्या, त्यांच्याकडं त्यानं मानही वळवली नाही. मग तो आमच्या खिडकीशी आला. पोराशी नाही, मागच्या खिडकीशी. मोठ्या बाईंनी काच खाली केली.

"लागलं का वो बाई कुणाला?"

"नाही," गणिताच्या बाई म्हणाल्या, पण त्यांचा हात कपाळावरच होता.

म्हाताऱ्यानं तो हात बघितला. कोकरू या काखेतून त्या काखेत घेतलं. "ह्यो रोज असाच आणतो का तुमाला?"

पुढच्या आरशात मला त्या मुलाचे डोळे दिसत होते. मला वाटलं, कुणीतरी 'नाही हो, आजच जरा' असं म्हणेल. माझ्या तोंडात तेच वाक्य तयार होतं.

"रोज," मोठ्या बाई म्हणाल्या.

"मॅडम, आज उशीर झालता म्हणून..." मुलगा वळून बोलायला लागला.

"रोज," त्या पुन्हा म्हणाल्या. आवाज चढवला नाही. वर्गात हजेरी घेतात त्याच आवाजात.

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो मेंढरांमागं रानात उतरला.

पुढचा सगळा रस्ता त्या मुलानं गाडी तीसनं चालवली. रागानं. गाणी बंद. उसाचे रिकामे ट्रॅक्टरसुद्धा आम्हाला मागं टाकून जात होते, एका ट्रॅक्टरवाल्यानं तर वाकून आत बघितलं, गाडी बंद पडलीय का म्हणून. आम्ही वडवणीला पोचलो तेव्हा पहिला तास अर्धा संपला होता. उतरताना तो म्हणाला, "मॅडम, मला एकट्याला सांगायचं होतं. बापासमोर कावून?"

मोठ्या बाई थांबल्या. "एकट्याला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, टेन्शन घेऊ नका."

हे आम्हाला दोघींना माहीत नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि गाडी वळवली. संध्याकाळी फोन आला, गाडी दुसऱ्या भाड्याला लावलीय, तुम्ही तुमची सोय बघा.

मग काही दिवस आम्ही पुन्हा एसटीनं. बीडच्या स्टँडवर सकाळी क्लासेसच्या पोरांची गर्दी, बस लागली की दाराशी रेटारेटी, उभ्यानं प्रवास. गणिताच्या बाई चिडलेल्या होत्या. घरी पोचायला उशीर व्हायचा, बाळ तोवर रडून झोपलेलं असायचं. एका संध्याकाळी बसच्या दांड्याला धरून त्या मोठ्या बाईंना म्हणाल्याच, "तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी. पण तुमचं काय, तुम्हाला घरी कुणी वाट बघणारं..." आणि त्या थबकल्या.

मोठ्या बाईंना मूल नव्हतं आणि त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले होते. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, तुझं बाळ आहे म्हणूनच तर बोलले." एवढंच. गणिताच्या बाईंनी त्यांच्या खांद्यावरची पिशवी ओढून आपल्या खांद्यावर घेतली. पुढं त्या विषयावर दोघी कधी बोललेल्या मी ऐकलं नाही.

एका सकाळी स्टँडकडं जाताना बघते तर नेहमीच्या कोपऱ्यावर आपली गाडी उभी. मुलगा बाहेर, बॉनेटला टेकून. आणि पुढच्या सीटवर तो म्हातारा. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडी, दोन गुडघ्यांच्या मधे काठी. ती उंच असल्यामुळं तिरपी करून खिडकीतून बाहेर काढलेली.

"बसा मॅडम," मुलगा म्हणाला. आमच्याकडं बघत नव्हता. "दादा येतो म्हणले."

"मेंढरं?" मी विचारलं.

"धाकट्यानं नेलीत," आतून म्हातारा म्हणाला. "बसा बसा. मी म्हणलं, बघू तरी आपल्या पोराची गाडी. पूजेच्या दिशी बसलतो, तवा ती जागची हललीबी नव्हती."

आम्ही बसलो. बीड मागं पडलं. मुलगा सांभाळून चालवत होता, पण सवय पायात असते. मोकळा रस्ता लागला आणि घंटी वाजली.

म्हाताऱ्यानं कान टवकारले. "हे काय वाजतंय?"

"काय न्हाई दादा. गाडी वाजती तशी."

"कावून वाजती?"

"गाडी बोलती, दादा."

"आसं? काय म्हणती?"

घंटी पुन्हा वाजली. म्हातारा खरोखरच त्याच्याकडं बघत होता, उत्तरासाठी. थट्टा करत नव्हता.

"हळू चाल म्हणती," मुलगा शेवटी म्हणाला.

"मग चाल की," म्हातारा म्हणाला.

गणिताच्या बाईंनी तोंडावर रुमाल धरला. मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. आरशात मुलाचे कान लाल झालेले दिसले, आणि मग त्यालाही हसू आवरेना. घंटी थांबली.

थोडं पुढं गेल्यावर एका गावापाशी म्हातारा एकदम म्हणाला, "थांब थांब. हितं पाव्हणे हायती आपले." पाहुणे म्हणजे ज्यांच्या रानात त्याची मेंढरं खतासाठी बसत ते शेतकरी. त्यानं काच खाली करून हाक मारली, एक माणूस बैल सोडून रस्त्यावर आला. दोघांचं रानाबद्दल, पावसाबद्दल बोलणं झालं. गणिताच्या बाई घड्याळ बघत होत्या. पुढं अजून एक गाव, अजून एक हाक. एवढी वर्षं त्या रस्त्यानं गेले, पण तिथल्या एकाही माणसाचा चेहरा मी बघितला नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोक आपणहून हात करायला लागले. एका म्हातारीनं खिडकीतून करडईच्या भाजीची जुडी आत टाकली, "लेकरवाळ्या बाईला द्या" म्हणून. गणिताच्या बाईंनी त्या दिवसापासून घड्याळ बघणं कमी केलं. घरातून थोडं आधी निघायला लागल्या; सासूबाईंनीच सुचवलं म्हणे.

या सगळ्यात म्हातारा आपल्या पोराला एकदाही रागावला नाही. मी वाट बघत होते, आज बोलेल, उद्या बोलेल. तो बोलला त्या दिवशी आम्ही संध्याकाळी परत येत होतो. म्हातारा वडवणीच्या बाजाराला आला होता, म्हणून परतीलाही गाडीत होता. ऊन कलतीला लागलेलं, जोंधळ्याच्या रानावर पिवळसर पडलेलं. ते वळण आलं. मुलानं आपणहून गाडी हळू केली.

"त्या दिशी," म्हातारा म्हणाला, "मी लई भेलो."

मुलगा म्हणाला, "दादा, जाऊ द्या ना आता."

"न्हाई, ऐक. मी मेंढरांसाठी न्हाई भेलो. मेंढरं जातेत, लांडगा नेतो, रोगानं जातेत, दुसरी येतेत. मला गाडी दिसली आन कळलं का ही तुजी हाय. बाजूला व्हायला जागा होती. पण मला वाटलं, मी बाजूला झालो तर तू थांबायचा न्हाईस. मी दिसलो तर थांबशील." तो काठीवरचा हात वरखाली करत राहिला. "आन मग वाटलं, न्हाईच थांबली तर? मी तर सुटलो. पण तुला ते घिऊन जगावं लागंल. बापाच्या अंगावर गाडी घातली म्हणून. त्याचं लई भ्या वाटलं बग."

मुलानं गावाच्या फाट्यावर गाडी बाजूला घेतली. त्याचा बाप उतरला, घोंगडी झटकली, काठी बाहेर काढली आणि आम्हाला म्हणाला, "येतो बाई." मुलगा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. त्यानं खांद्यावरचा टॉवेल घेऊन तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. आम्ही तिघी खिडक्यांतून बाहेर बघत राहिलो, त्याला हवा तेवढा वेळ.

त्यानंतर म्हातारा फारसा आला नाही. पुढं तो कळप घेऊन गोदावरीकडच्या रानांत गेला, दरवर्षी जातो तसा. पुढची सीट रिकामी झाली तेव्हा मुलगाच मोठ्या बाईंना म्हणाला, "तुमी बसा पुढं." त्या बसल्या. दोघांचं चांगलं जमलं. तो त्यांना मेंढरांच्या जाती सांगायचा, त्या त्याला एखादी म्हण कुठून आली ते सांगायच्या.

तो एकदम बदलला असं मात्र म्हणता येणार नाही. एकदा संध्याकाळी एक मोठी काळी गाडी, मागच्या काचेवर कुठल्या तरी नेत्याचा फोटो, आम्हाला डावीकडून घासून पुढं गेली आणि मुद्दाम समोर ब्रेक मारून पळाली. आमच्या मुलाचा जबडा आवळला. तो तिच्या मागं लागला. त्या दिवशी मोठ्या बाई रजेवर होत्या. गणिताच्या बाईंनी माझा दंड धरला. मी नेहमीसारखी डावीकडं बघायला लागले होते, आणि तेवढ्यात माझ्या तोंडून आवाज निघाला.

"हळू घ्या."

तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही, इतका बारीक निघाला. म्हणून मी पुन्हा म्हणाले, नीट. "हळू घ्या. मला भीती वाटतेय."

त्यानं पाय काढला. काळी गाडी लांब गेली, दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "सॉरी मॅडम. डोकंच फिरलं." आणि मग, "तुमी कधी बोलत न्हाई. म्हणून मला वाटायचं तुमाला काय वाटत नसंल."

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी समजत होते माझी भीती सगळ्यांना दिसत असणार. आणि तो समजत होता की मागच्या सीटवर एक बाई रोज निवांत बसून कपाशी बघत जाते.

मोठ्या बाई मागच्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. गाडी अजून तीच आहे, मुलगाही तोच. त्याचं लग्न झालं. आता आम्ही दोघी आणि वडवणीच्या दवाखान्यातल्या एक नर्सबाई, अशा तिघी जातो. नर्सबाई पहिल्या दिवशी बसल्या तेव्हा त्यानंच विचारलं, "मॅडम, माझं चालवणं जोरात वाटलं तर सांगा बरं का." त्या हसल्या. त्यांना वाटलं, बोलायची पद्धत आहे.

परवा रविवारी नवऱ्याबरोबर मोटारसायकलवरून नातलगांकडं निघाले होते. बीडच्या बाहेर पडलो, रस्ता मोकळा मिळाला आणि त्यांनी गाडी पळवली. वारा कानात शिरत होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जरा हळू."

त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुढं वाकून पुन्हा म्हणाले. त्यांनी वेग कमी केला आणि मान अर्धी वळवून विचारलं, "काय झालं? बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. हळू बरं वाटतं मला."

"लग्नाला एवढी वर्षं झाली, आज सांगतेस?"

"आज सांगतेय."

त्यांनी गाडी मात्र तशीच हळू ठेवली. वाऱ्याचा आवाज उतरला होता. बरंच पुढं गेल्यावर त्यांनी ऑफिसातली एक गोष्ट सांगायला सुरुवात केली, आणि मला ती मागं बसून सगळी ऐकू आली.